मेयर व्हिटलॉक यांना माझं अनुमोदन

स्वतःच्याच नावाला अनुमोदन देणारा मंडळाच्या इतिहासातला मी पहिला माणूस. ही बढाई नाही, मिहिकाने इतिवृत्तात तसं लिहिलंय, आणि मिहिका इतिवृत्तात खोटं लिहीत नाही, तेवढे कष्ट ती घेत नाही. शनिवारची दुपार होती. शारजात अल मजाजच्या मागच्या गल्लीतल्या एका व्हेज रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा भरली होती. एसी असा लावलेला की मागच्या रांगेतल्या काकवांनी शाली पांघरलेल्या आणि पुढच्या रांगेतले काकालोक अजेंड्याच्या कागदाने वारा घेत होते. अध्यक्षाची निवड हा दरवर्षी शेवटून दुसरा विषय असतो. शेवटचा विषय जेवण. पद्धत अशी की कुणीतरी उठून म्हणायचं, "अध्यक्षपदासाठी मी श्री. अरुण टिपणीस यांचं नाव सुचवतो." मग एक क्षण शांतता. त्या शांततेत मी बसल्या जागेवरून "अनुमोदन" म्हणायचं आणि टाळ्या पडायच्या. कॉलेजात गेलो तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आहे. तरुण पिढीचा सहभाग दिसावा म्हणून अरुणकाकांनीच दिलेलं. त्यासाठी मला काही ऐकावं लागत नाही. शांतता आली की शब्द बाहेर पडतो, जसं लिफ्टचं दार उघडलं की पाय बाहेर पडतो, मजला कुठला का असेना. त्या दुपारी शांतता आली, मी अनुमोदन दिलं, टाळ्या झाल्या. माझं वर्षाचं काम संपलं होतं. मी गुडघ्यावर फोन ठेवला आणि केंटकी राज्यातल्या हॅरोज फेरी गावचे एकोणिसाव्या शतकातले मेयर, इझिकिएल व्हिटलॉक, यांचं डुकरांविषयीचं धोरण वाचायला लागलो. तर पुन्हा शांतता आली. मी म्हणालो, "अनुमोदन." या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. वर बघितलं तर अख्खा हॉल मान वळवून माझ्याकडे बघत होता, आणि स्टेजवर अरुणकाका पाण्याचा ग्लास ओठाला लावून थांबले होते, पीत नव्हते.

"नीरव," शेजारून मिहिका म्हणाली. ती मंडळाची सेक्रेटरी, माझ्यासारखीच इथेच वाढलेली. "यू जस्ट सेकंडेड युअरसेल्फ."

"कशासाठी?"

"प्रेसिडेंट."

माझं नाव सुचवणारी व्यक्ती एव्हाना खाली बसून पर्सची चेन लावत होती. ती व्यक्ती म्हणजे स्मिताकाकू. स्मिताकाकू म्हणजे अरुणकाकांची बायको. काकांनी ग्लास खाली ठेवला, माइकजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "वा." मग थोडा विचार करून, "म्हणजे निवडणूक." मंडळाच्या घटनेत त्याची सोय होती. दोन नावं आली तर पुढच्या शनिवारी हात वर करून मतदान. घटना काकांनीच लिहिलेली, आणि हे कलम कधी लागेल असं त्यांना वाटलं नसल्याने ते फार उदारपणे लिहिलेलं. "तर दोन्ही उमेदवारांचे अनुमोदक नीरव देवस्थळी," काका म्हणाले. "एका अर्थी तो निःपक्षपाती आहे. चला, जेवून घ्या." जेवताना लोक माझ्याकडे मी एक पुरी जास्त घेतल्यासारखे बघत होते. स्मिताकाकूंनी माझ्या ताटात खरंच एक जास्त वाढली.

व्हिटलॉक माझ्या आयुष्यात ऑफिसमधून आले. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये पंप बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या मार्केटिंगमध्ये मी आहे. कंपनी मूळची अमेरिकन आणि व्हिटलॉक तिचे संस्थापक. कंपनीला दीडशे वर्षं होताहेत म्हणून हेड ऑफिसने प्रत्येक शाखेला संस्थापकांचा एकेक तुकडा वाटून दिला. जर्मनीला त्यांचं संशोधन गेलं, ब्राझीलला कुटुंब, आणि आमच्या वाट्याला आली राजकीय कारकीर्द, बहुधा कुणी उचलली नाही म्हणून. माझी मॅनेजर नबिला कराचीची आहे. तिने फक्त एवढंच सांगितलं, "नीरव, छे सौ वर्ड्स, पॉझिटिव. हीरो लगना चाहिए." हीरो ते होतेच, फक्त वेगळ्या पद्धतीने. हॅरोज फेरीत त्या काळी डुकरं रस्त्यांवर मोकाट हिंडत. व्हिटलॉक डुकरं हटवण्याचं वचन देऊन निवडून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक डुकरामागे एक मतदार आहे. मग त्यांनी हुकूम काढला की डुकराला रस्त्यावर यायला हरकत नाही, पण सोबत मालक हवा. त्यानंतर कित्येक वर्षं त्या गावात संध्याकाळी टोप्या घातलेले प्रतिष्ठित गृहस्थ डुकरांबरोबर फिरायला निघत, एकमेकांना टोपी उचलून नमस्कार करत. गावाला हे इतकं आवडलं की व्हिटलॉक पुन्हा निवडून आले. मग त्यांनी रस्त्यावर गॅसचे दिवे बसवले आणि काटकसर म्हणून ज्या रात्री पंचांगात चांदणं आहे त्या रात्री ते लावायचे नाहीत असं ठरवलं. ढग आले की लोक नदीत पडत. तक्रार आली तेव्हा व्हिटलॉक कौन्सिलला म्हणाले की नगरपालिकेने आपलं काम चोख केलं आहे, चुकला आहे तो चंद्र. तिसऱ्यांदा निवडून आले. या माणसाचा आत्मविश्वास माझ्या अंगात हळूहळू भिनत होता, आणि रोज शारजाहून दुबईला जाताना भिनायला वेळही भरपूर मिळतो.

रविवार कसा गेला कळलं नाही आणि सोमवारी मी तीनशे अकरा नंबरच्या हायवेवरच्या जाममध्ये उभा होतो. पुढे ट्रक, मागे ट्रक, शेजारच्या लेनमध्ये एक माणूस आरशात बघून दाढी करतोय. माझ्या शेजारच्या सीटवर मेयर व्हिटलॉक टोपी मांडीवर घेऊन बसलेले, मागे त्यांचं डुक्कर, सीटबेल्ट लावून. मी म्हणत होतो की साहेब, मी माघार घेतो, आणि ते खिडकीबाहेर बघत होते, कारण माघार या विषयावर त्यांच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात अरुणकाकांचा फोन आला.

"काय अध्यक्ष."

"काका, सॉरी. चुकून झालं ते. मी आज मिहिकाला मेल टाकतो, माघार घेतो."

"अजिबात नाही," काका म्हणाले. मागे त्यांच्याकडे मिक्सर चालू होता, म्हणून ते ओरडून बोलत होते, आणि ओरडून बोलले की ते फार प्रेमळ वाटतात. "अरे, इतकी वर्षं बिनविरोध. लोक काय म्हणतात माहितीये? टिपणिसांनी पद फ्लॅटसारखं फ्रीहोल्डवर घेतलंय, कायमचं. तू उभा राहा. मी जिंकतो. खलास, तोंडं बंद. स्मिताला बघ कसं सुचलं. राजकारण तिला कळतं, मी आपला नुसता काम करतो."

"पण काका, मी जिंकलो तर?"

मिक्सर थांबला. "कोण, तू?" काका म्हणाले, आणि इतक्या मनापासून हसले की मलाही हसावं लागलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी हसलो ते नुसतं सभ्यतेखातर होतं, आणि आत कुठेतरी एक बारीकशी टाचणी टोचली होती. कोण तू. ट्रक हलला, मी हललो नाही, मागच्याने हॉर्न दिला. कोण तू, हा प्रश्न खरंतर फार चांगला आहे. मी तो माणूस आहे ज्याला अरुणकाकांनी मंडळाच्या बालनाट्यात सलग तीन वर्षं झाड केलं, कारण मी उंच होतो आणि मला संवाद पाठ होत नसत. आणि मी तो माणूसही आहे ज्याच्या बाबांची कंपनी बंद पडली, बाबा-आई पुण्याला परत गेले, आणि जो कॉलेजची सगळी वर्षं टिपणिसांच्या हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपला. काका पहाटे उठून माझ्या पायांवरून ओलांडून किचनमध्ये चहा करायला जात, दिवा न लावता, मी जागा होऊ नये म्हणून, आणि रोज न चुकता त्यांचा पाय टीपॉयला लागे, आणि रोज ते हळू आवाजात टीपॉयची माफी मागत. त्या माणसाला मी हरवायचं. कल्पना विनोदी होती. विनोदी कल्पनांचं एक असतं, त्या एकदा डोक्यात शिरल्या की भाडं न देता राहतात.

बाबांच्या वेळचा निरोप समारंभ आठवला. आमच्या मंडळात कुणीही कायमचं परत निघालं की शाल, श्रीफळ, खालिद लगूनचा, म्हणजे शारजातल्या खाडीच्या तळ्याचा, फ्रेम केलेला फोटो, आणि अरुणकाकांचं भाषण. भाषण एकच. नावं बदलतात, बाकी अक्षर हलत नाही, आणि त्याचं शेवटचं वाक्य, "खालिद लगूनच्या लाटा तुमची आठवण काढत राहतील." आता लगूनला लाटा नसतात. ते पाणी कुणीतरी ट्रेमध्ये ओतून ठेवल्यासारखं असतं, फार तर कारंजं चालू झालं की अंगावर काटा आल्यासारखं होतं. मला तेव्हाही ते माहीत होतं आणि मी झाडाच्या अनुभवाने स्तब्ध उभा राहिलो होतो. पण बाबा त्या वाक्याला रडले. कधी न रडणारा माणूस, सुरेश देवस्थळी, ज्यांनी नोकरी गेल्याचं घरी रिमोट शोधता शोधता सांगितलं होतं, ते नसलेल्या लाटांना रडले. पुढे मी हेच वाक्य किती कुटुंबांवर चाललेलं बघितलं, प्रत्येक वेळी कुणीतरी रुमाल काढलाच. या देशात आमचं सगळ्यांचं असंच आहे, आज ना उद्या शाल. फक्त भाषण करणारा माणूस कधी जात नव्हता. त्याला निरोप कोण देणार हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, मलाही नाही, सोमवारपर्यंत.

मंगळवारी संध्याकाळी स्मिताकाकूंनी मला लगूनवर फिरायला बोलावलं. काकू पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घालतात आणि अशा चालतात की त्यांच्याबरोबर गुप्त बोलणं अशक्य, कारण दम लागून आपण मोठ्याने बोलायला लागतो. खजुराच्या झाडांखाली कुटुंबं चटया टाकून बसलेली, पोरांच्या सायकली, समोर पाणी नेहमीसारखं ट्रेमध्ये. काकूंनी अर्धी फेरी संपवली. मग म्हणाल्या, "माघार घेत होतास म्हणे."

"काका घेऊ देत नाहीत."

"त्याला वाटतंय मी त्याच्यासाठी केलं."

"मग कुणासाठी केलंत?"

"माझ्यासाठी," काकू म्हणाल्या. "मला तो हरायला हवाय."

त्यांनी हे 'दोन लिटरचं दूध हवंय' अशा आवाजात सांगितलं. मग चालणं थोडं कमी केलं, मला वाटतं माझ्यावर दया म्हणून. "अरे, नोकरी संपली की जाऊ म्हणाला होता. संपली. मग रिटायरमेंट व्हिसा काढला. कशासाठी, तर मंडळ. आता पुढच्या महिन्यात तो रिन्यू करायचाय. आणखी पाच वर्षं. पुण्यात बावधनला फ्लॅट घेऊन ठेवलाय, किचनच्या ट्रॉल्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. दरवर्षी जाते, झाडते आणि येते."

"तुम्ही सरळ सांगा ना त्यांना."

"सांगितलं. म्हणाला, गणपती होऊ दे. मग दिवाळी पहाट होऊ दे. मग नवीन कमिटी बसू दे. आणि कमिटी बसली की परत हाच अध्यक्ष." त्या कोपऱ्यावरच्या टपरीवजा दुकानापाशी थांबल्या, दोन करक चहा सांगितले. "दोन दिरहम. अठ्ठेचाळीस रुपये," त्या म्हणाल्या, सवयीने, कपाकडे बघत. "बघ, तीस वर्षं झाली, अजून चहा पिताना गुणाकार करते. मला एकदा रुपयांतला चहा रुपयांत प्यायचाय, नीरव. आणि शेजारी हा हवाय, पण अध्यक्ष नसलेला. लग्न झालं तेव्हा नव्हता. बरा होता."

मी त्यांना व्हिटलॉक सांगितले. घाबरलो की मी हल्ली व्हिटलॉक सांगतो. डुकरांना काकू हसल्या, चंद्राला जास्त हसल्या, आणि मग विचारलं, "मग हरला कसा?" तेव्हा मी त्यांना ती चौथी निवडणूक सांगितली. त्या काळी केंटकीत मतदान गुप्त नसे. प्रत्येकाने टेबलासमोर उभं राहून मोठ्याने नाव घ्यायचं आणि कारकुनाने ते लिहायचं. सभ्य माणसाने स्वतःचं नाव घेणं वाईट दिसे, म्हणून उमेदवार एकमेकांना मत देत, हिशोब बरोबरीत सुटे आणि सगळ्यांची इज्जत राहे. चौथ्या वेळी व्हिटलॉकसमोर मॅकअल्पिन नावाचा एक लाकडाचा व्यापारी होता, गावात नवा. व्हिटलॉक टेबलासमोर आले, टोपी काढली, म्हणाले, "मिस्टर मॅकअल्पिन." मग मॅकअल्पिन आला, टोपी न काढता म्हणाला, "मॅकअल्पिन." तेवढ्यावरच निवडणूक गेली. व्हिटलॉक घरी गेले, परसातल्या शेडमध्ये पंप खोलून बसले, आणि त्या पंपातून पुढे कंपनी निघाली.

काकूंनी कप डस्टबिनमध्ये टाकला. "हा पण तेच करेल," त्या म्हणाल्या. "स्वतःला मत द्यायचा नाही. कुणी त्याचं नाव सुचवलं की टाळ्यासुद्धा वाजवत नाही, बघितलंयस का? म्हणजे त्याचं मत तुला. माझं तुला. दोन घरातूनच आली." आणि पुन्हा चालायला लागल्या, आधीच्या वेगाने, ज्या वेगाने बाई एखादी गोष्ट ठरवून टाकल्यावर चालते.

बुधवारी नबिलाने मसुदा वाचला. "पिग्ज निकालो," ती म्हणाली. "हेड ऑफिस वाले ये अरबी में भी छापेंगे. गोट्स कर दो." मी बकऱ्या केल्या. कंपनीच्या अधिकृत इतिहासात आता हॅरोज फेरीतले प्रतिष्ठित गृहस्थ बकऱ्यांना फिरवतात, आणि खरं सांगायचं तर बकऱ्यांमुळे त्या दृश्याला थोडा दर्जाच आला. "और ये हारना क्या है? फाउंडर हारता नहीं. लिखो, ही स्टेप्ड असाइड." मी म्हणालो की मॅडम, हरले नसते तर पंप निघाला नसता, पंप निघाला नसता तर कंपनी नसती, तुम्ही नसता, मी नसतो, सगळ्यात चांगली गोष्ट त्यांनी हरूनच केली. नबिलाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम ठीक हो?" ती म्हणाली. मी अगदी ठीक होतो. हे कारण मी तिच्यासाठी दिलं नव्हतं, आणि ते किती सोयीचं आहे हे मला बोलता बोलताच कळलं होतं. परतीच्या जाममध्ये मी आरशात बघून म्हणालो, "उपस्थित बंधूंनो आणि भगिनींनो," आणि आवाज चांगला लागला. पुन्हा म्हणालो. काकूंसाठी म्हणतोय असं सुरुवातीला वाटलं. तीनदा म्हटल्यावर कळलं की मला ते पद हवं होतं. कशाला हवं, तेही दिसत होतं. आईबाबा गेले, शाळेतले मित्र कॅनडाला गेले, समोरच्या टॉवरमधल्या ओळखीच्या खिडक्यांत दर वर्षी नवे पडदे लागतात, आणि मी इथेच आहे, जन्मापासून, व्हिसावर. निदान या एका हॉलमध्ये मला यजमान व्हायचं होतं. हे फार उदात्त नव्हतं. पण शेजारच्या सीटवरचा गृहस्थ या वेळी खिडकीबाहेर बघत नव्हता.

शनिवारी हॉल भरला होता. जे वर्षानुवर्षं फक्त शेवटच्या विषयाला यायचे तेही वेळेवर आले होते. प्रचार असा काही झाला नव्हता. फक्त व्हॉट्सॅप ग्रुपवर काकालोकांनी अनुभवावर सुविचार टाकले होते आणि पोरांनी त्यावर थम्स अप केले होते. ज्यांच्यासमोर लहानाचा मोठा झालो त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि त्यांच्या थापेत मला कळत होतं कोण कुठे हात वर करणार. अरुणकाका क्रीम कुर्त्यात स्टेजवर, स्वतःच सभा चालवत, कारण चालवायला दुसरं कुणी नव्हतं. "लोकशाही आहे," ते माइकमध्ये म्हणाले, "तेव्हा यल्ला, लवकर आटपू, भजी गार होतात. मताचा हक्क उमेदवारांनाही आहे, सगळ्यांना आहे. मिहिका मोजेल." आधी त्यांचं नाव घेतलं. हात वर गेले, शालींमधून, कुर्त्यांमधून, पुढची रांग जवळजवळ सगळीच. मी दुसऱ्या रांगेत स्मिताकाकूंकडे बघत होतो. त्या मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात ठेवून सरळ बसल्या होत्या, लगूनवर चालतात तशाच ठाम. मग काकांनी सवयीप्रमाणे चष्मा पुसायला काढला आणि आंधळ्यासारखे हसत हॉलकडे बघायला लागले, आणि काकूंचा उजवा हात वर गेला. पर्स घसरली, खाली पडली. त्यांनी आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, असा चेहरा करून की हात दुसऱ्या कुणाचा तरी आहे आणि त्या फक्त सांभाळताहेत. पण खाली घेतला नाही.

"आता नीरव," काका म्हणाले. पोरं, नवी आलेली जोडपी, मागच्या रांगेतल्या काही काकवा. आणि स्टेजवर, माइक डाव्या हातात घेऊन, अरुण टिपणीस यांनी उजवा हात वर केला. हॉलमध्ये थोडं हसू झालं. "अरे, स्वतःला कोण मत देतं," काका म्हणाले, "बरं दिसत नाही." मिहिका पेन हवेत फिरवत मोजत होती. तिने दोनदा मोजलं. मग मान वर करून म्हणाली, "इट्स अ टाय, काका."

आणि काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पहिल्या नावाला हात वर केला नव्हता, दुसऱ्याही नाही. ज्या माणसाने दोघांना अनुमोदन दिलं त्याने कुणालाच मत दिलं नव्हतं. हात मांडीखाली होते, दोन्ही, शाळेत बाकावर बसतात तसे. "तुझा हात कुठे आहे?" काकांनी विचारलं. "वर्गणी भरली आहेस ना?"

"भरली."

"मग?"

त्या क्षणी शांतता आली, माझी ओळखीची शांतता, जिच्यात एक शब्द टाकायचं काम मी इतकी वर्षं न ऐकता केलं. या वेळी मी ऐकत होतो. एसीचा आवाज ऐकला, खाली किचनमध्ये कढईत काहीतरी पडल्याचा आवाज, काकूंनी वाकून पर्स उचलल्याचा आवाज. पहाटेचा टीपॉय ऐकला. केंटकीतला तो टेबलामागचा कारकून लेखणी धरून थांबला होता, आणि टोपी काढावी की नाही एवढाच प्रश्न होता. मला वाटलं होतं की अशा वेळी हात जड होतो. झाला नाही. मी उभा राहिलो, कारण बसून केलं असतं तर चुकून झाल्यासारखं दिसलं असतं, आणि हात वर केला, पूर्ण, कोपरात न वाकवता. झाडाचा अनुभव कुठेतरी उपयोगी पडतोच.

"मला," मी म्हणालो.

मिहिकाने लिहिलं. टाळ्या आधी तुरळक पडल्या, मग काकांनीच जोरात वाजवायला घेतल्या तेव्हा सगळ्यांनी वाजवल्या. ते स्टेजवरून खाली उतरले, माझ्या हातात माइक दिला, चालूच होता, आणि तो हाताने झाकून मला बाजूला घेतलं. जवळून बघितलं तर त्यांचे डोळे ओले होते आणि चेहरा मात्र सुट्टी लागल्यासारखा. पलीकडे काकू रुमाल शोधत होत्या, पर्समध्ये, जिथे तो कधीच नसतो.

"निरोपाचं भाषण येतं का तुला?" काकांनी विचारलं.

"पाठ आहे, काका. सगळ्यांनाच पाठ आहे."

"मग पुढच्या महिन्यात लागेल." त्यांनी काकूंकडे बघितलं. "स्मिताला वाटतं मला काही कळत नाही. कळायला उशीर लागतो एवढंच." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "ते शेवटचं वाक्य तेवढं काढ. लाटांचं. मी काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन बघून आलो. लगूनला लाटाच नाहीत रे. इतकी वर्षं बोलतोय, कुणी सांगितलं पण नाही."

"नाही काढणार," मी म्हणालो. "ते वाक्य राहील."

माइक नीट झाकलेला नव्हता, त्यामुळे हे माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मिहिकाने मान खाली घातली आणि नव्या अध्यक्षांचा पहिला निर्णय म्हणून ते इतिवृत्तात लिहून घेतलं. अनुमोदक कोण, असं तिने विचारलं, तेव्हा पहिल्या रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या स्मिताकाकूंचा हात वर गेला, या वेळी पर्स न पडता.